पाभत आणि इण : युद्धोत्तर कंबोडियातील तरुणांच्या उपजीविकेचा प्रश्न

दीघनिकायातील कूटदन्तसुत्त आपल्याकडे बहुधा यज्ञसंस्थेवरील टीका म्हणून वाचले जाते. खाणुमत गावचा ब्राह्मण कूटदन्त सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी आणि तितकेच बोकड व मेंढे यज्ञस्तंभापाशी आणून ठेवतो, आणि यज्ञ यथासांग कसा करावा हे विचारण्यासाठी यज्ञाचा निषेध करणाऱ्या श्रमण गोतमाकडेच जातो. ह्या प्रसंगातील उपरोध वाचकाच्या मनावर ठसावा यात नवल नाही. परंतु ह्या उपरोधापायी सुत्ताच्या मध्यभागी भगवंतांनी सांगितलेली महाविजित राजाची कथा काहीशी उपेक्षित राहिली आहे. महाविजिताला महायज्ञ करावयाचा आहे, पण त्याच्या राज्यात लुटारू माजले आहेत, गावे लुटली जात आहेत, वाटा निर्धोक राहिलेल्या नाहीत. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की अशा काळात नवा कर बसविणे हे अकर्तव्य होय. मृत्युदंड, कारावास वा हद्दपारी यांनी लुटारूंचा बीमोड होईल असे राजाला वाटेल, पण जे मागे उरतील ते पुन्हा राज्याला पीडा देतील. म्हणून जे शेती व गोपालन करण्यास झटतात त्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, जे व्यापारास झटतात त्यांना 'पाभत' द्यावे आणि जे राजसेवेस झटतात त्यांना 'भत्तवेतन' द्यावे.

अराजकातून बाहेर पडू पाहणाऱ्या देशाने आपल्या लोकांना, विशेषतः तरुणांना, उद्योगाला कसे लावावे, ह्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. आजकाल 'युद्धोत्तर पुनर्रचना' ह्या नावाने त्याची चर्चा होते. प्रस्तुत लेखात आम्ही पुरोहिताच्या तीन शब्दांपैकी मधल्या शब्दाचा विशेष विचार करणार आहोत आणि तो कंबोडियाच्या अनुभवाच्या संदर्भात करणार आहोत. कंबोडिया हा थेरवादी देश आहे. ज्या पालि ग्रंथांचे आपण अध्ययन करतो तेच तेथील विहारांत म्हटले जातात. आणि उपजीविकेचा प्रश्न जितक्या निष्ठुरपणे कंबोडियासमोर उभा राहिला तितका तो क्वचितच दुसऱ्या एखाद्या बौद्ध देशासमोर उभा राहिला असेल.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने नोम पेन्ह ताब्यात घेतले आणि काही दिवसांतच संपूर्ण शहर रिकामे करविले. ७ जानेवारी १९७९ रोजी त्यांची राजवट कोसळली. ह्या पावणेचार वर्षांत सुमारे सतरा लाख माणसे उपासमार, अतिश्रम, रोगराई व हत्या यांना बळी पडली, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा वाचकांना परिचित असेल. येथे आम्हांला दुसऱ्या एका विध्वंसाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ह्या राजवटीने चलन रद्द केले, बाजार बंद केले, शाळा बंद केल्या, भिक्षूंची चीवरे उतरविली. राष्ट्रीय बँकेची इमारत सुरुंगाने उडविण्यात आली. मालमत्तेची कागदपत्रे नाहीशी झाली. १९७९ नंतर वर्षभराहून अधिक काळ त्या देशात स्वतःचे चलनच नव्हते. सरकारी नोकरांना पगार म्हणून तांदूळ मिळे. मार्च १९८० मध्ये रिएल हे नाणे पुन्हा सुरू झाले. युद्ध मात्र संपले नाही. थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत लाखो निर्वासित अडकून पडले आणि त्यांच्या मुलांची एक अख्खी पिढी तेथेच लहानाची मोठी झाली. नांगर धरणे, भात लावणे, माल विकत घेऊन विकणे यांतील काहीही न करता, केवळ वाटप झालेल्या धान्यावर वाढलेली ही पिढी होती.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाला. त्यानंतर १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सुमारे साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित मायदेशी परतले. परतणाऱ्या कुटुंबांना सुरुवातीला शेतजमिनीचे आश्वासन होते. परंतु जेथे जमीन मोकळी होती तेथे ती बहुधा भूसुरुंगांनी पेरलेली होती, आणि जेथे ती निर्धोक होती तेथे दुसरे कोणी ती कसत होते. म्हणून पर्याय बदलले गेले. घरासाठी जागा व सामान, व्यवसायाची अवजारे, किंवा प्रौढ माणशी पन्नास व लहान मुलामागे पंचवीस डॉलर रोख, असे ते पर्याय होते. बहुसंख्य कुटुंबांनी रोख रक्कम पत्करली. पुरोहिताच्या भाषेत बोलायचे तर बी-बियाणे द्यावयाचे होते ते जमिनीअभावी देता आले नाही, आणि जी रक्कम दिली गेली ती पाभत ठरण्याआधीच पोटात गेली.

येथे चुल्लसेट्ठि जातकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मेलेल्या उंदरापासून आरंभ करून दोन लाखांचा धनी झालेल्या तरुणाची ही कथा उद्योजकतेच्या आधुनिक शिबिरांतही सांगितली जाते. मांजरासाठी उंदीर विकला, आलेल्या कवडीमोलातून गूळ घेतला, तहानलेल्या माळ्यांना गुळाबरोबर पाणी पाजले, त्यांच्याकडून फुले मिळाली, आणि असेच पुढे. कथा सुरस आहे. परंतु ती सांगणाऱ्यांचे सगळे लक्ष त्या तरुणाच्या हुशारीवर असते, त्याच्या भोवतालच्या नगराकडे कोणी पाहत नाही. मांजर पाळणारा दुकानदार, रोज रानातून फुले आणणारे माळी, वादळात पडलेल्या फांद्या उचलून न्यावयास हव्यात असे वाटणारा राजाचा उद्यानपाल, भट्टीसाठी सरपण विकत घेणारा कुंभार, गवत कापणारे, पाचशे घोडे घेऊन येणारा व्यापारी, बंदराला लागणारे जहाज, आणि दिलेला शब्द पाळला जाईल हा सर्वांचा विश्वास! एवढे सारे सिद्ध असताना मेलेल्या उंदराला किंमत येते. १९७९ च्या नोम पेन्हमध्ये हाच तरुण असता तर त्याच्या बुद्धीत काही उणे पडले नसते, पण त्याचा उंदीर घेण्यास दुकानदार नव्हता आणि किंमत मोजण्यास नाणे नव्हते. युद्धोत्तर देशातील तरुणांना 'स्वतःच्या पायावर उभे राहा' असा उपदेश करणाऱ्यांनी आधी पायाखाली जमीन आहे काय, हे पाहावयास हवे.

पूंजीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, जे नाहीसे झाले होते ते म्हणजे कौशल्य. व्यग्घपज्जसुत्तात कोलियपुत्त दीघजाणूला भगवंत गृहस्थाच्या ऐहिक हिताचे चार धर्म सांगतात, त्यांतील पहिला 'उट्ठानसम्पदा'. मनुष्य शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजसेवा वा अन्य कोणतेही शिल्प यांनी उपजीविका करो, त्यात तो दक्ष व अनलस असावा, उपाय शोधणारा असावा, स्वतः करण्यास व करवून घेण्यास समर्थ असावा, असे तेथे म्हटले आहे. परंतु दक्षता आकाशातून पडत नाही. ती गुरूच्या हातून शिष्याच्या हातात येते. कंबोडियात ही परंपराच तुटली. रेशमी वस्त्रांचे उदाहरण घ्यावे. सूत बांधून रंगविण्याची आणि मग विणण्याची तेथील जुनी कला नकाशांच्या वह्यांत नव्हती, ती विणकर स्त्रियांच्या स्मरणात होती. क्योटो येथे किमोनोवर चित्रे रंगविणारे किकुओ मोरिमोतो यांनी १९९५ च्या सुमारास गावोगाव फिरून अशा जिवंत राहिलेल्या वृद्ध स्त्रिया शोधल्या, १९९६ मध्ये पारंपरिक वस्त्रकलेची संस्था काढली आणि पुढे ती सिएम रीपला नेली. तेथे ह्या वृद्धांनी तरुण मुलींना शिकविले. मोरिमोतो २०१७ मध्ये वारले. त्यांच्या कामाचा विशेष हा की त्यांनी तुती लावण्यापासून आरंभ केला. रेशीम नसेल तर विणणार काय, आणि रंग देणारी झाडे नसतील तर रंगविणार कशाने, हा साधा विचार अनेक मोठ्या प्रशिक्षण-योजनांना सुचलेला दिसत नाही.

सिएम रीप येथेच १९९२ मध्ये 'शांतिए-एकोल' नावाची, म्हणजे 'काम हीच शाळा' अशा धर्तीची, प्रशिक्षणसंस्था निघाली. अंगकोरची मंदिरे त्याच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत आली होती, आणि त्यांच्या डागडुजीसाठी दगड घडविणारे हात हवे होते. खेड्यांतील अल्पशिक्षित तरुण-तरुणींना दगडकाम, लाकूडकोरीव काम, लाखकाम, रेशीमकाम शिकविण्यात आले. काही वर्षांतच प्रश्न उभा राहिला की शिकून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय? त्यातून १९९८ मध्ये 'आर्टिझान्स अंगकोर' ही संस्था निघाली. ती शिकलेल्या कारागिरांना काम देते व त्यांच्या वस्तू विकते. शेकडो कुटुंबे तिच्यावर उभी राहिली. ह्या उभारणीचा सगळा भार मात्र परदेशी प्रवाशांवर होता. २०१९ मध्ये कंबोडियात सहासष्ट लाख परदेशी प्रवासी आले, आणि २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, दोन लाखही आले नाहीत. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभ्या असलेल्या कौशल्याची ही मर्यादा आहे.

नोम पेन्हजवळ येशूसंघीयांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'बांतेय प्रीब' ह्या केंद्राचाही उल्लेख केला पाहिजे. नावाचा अर्थ 'पारव्याचे घर'. भूसुरुंगांनी पाय गमावलेले तरुण तेथे यंत्रदुरुस्ती, शिवणकाम, मूर्तिकाम शिकत, आणि लाकडी आसनाच्या तीन चाकी खुर्च्या तयार करीत. ज्यांना चालता येत नव्हते त्यांनी इतर न चालू शकणाऱ्यांसाठी चाके घडविली. संस्था ख्रिस्ती होती आणि शिकणारे बहुतेक बौद्ध होते. विहारांशी संलग्न असलेल्या आपल्या संस्थांनी हे काम अभ्यासावे असे आम्हांला वाटते.

व्यवसायशिक्षणाविषयी आपल्या समाजात एक साशंकता आहे आणि ती निराधार नाही. ज्यांच्या पूर्वजांना जन्माने व्यवसाय नेमून दिलेला होता, त्यांच्या मुलांना कोणी 'हाताचे कौशल्य शिका' म्हटले की मनात प्रश्न उठतो की पदव्या कोणासाठी आणि हत्यारे कोणासाठी? ह्याबाबत विनयपिटकात एक महत्त्वाचा उल्लेख आहे. सुत्तविभंगातील ओमसवाद-शिक्षापदात, म्हणजे दुसऱ्याला टोचून बोलण्यासंबंधीच्या नियमात, तत्कालीन समाज कोणती शिल्पे हीन मानीत असे याची यादी येते. वेळूकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम, न्हावीकाम ही 'हीन'. मुद्रागणन, हिशेब व लेखन ही 'उत्कृष्ट'. बोटांवर मोजणाऱ्याचा मान मोठा आणि त्याच बोटांनी मडके घडविणाऱ्याचा लहान, असा हा हिशेब! विनय ही उतरंड नोंदवतो, पण एखाद्या भिक्षूने दुसऱ्याला त्याच्या शिल्पावरून हिणविले तर त्यास पाचित्तिय दोष लागतो, असे तो ठरवितो. कंबोडियात आपल्यासारखी जातिसंस्था नसल्याने दगड घडविणाऱ्या तरुणाला त्याच्या कुळाची विचारणा होत नाही. तरीही गरिबांच्या मुलांनी हातोडी धरावी आणि राजधानीतील सुखवस्तूंच्या मुलांनी विद्यापीठात जावे, ही विभागणी तेथेही आहेच.

आता पाभताकडे वळू. जानेवारी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने कंबोडियात 'अक्लेडा' ही संस्था स्थापन झाली. सीमेवरील छावण्यांत लघुउद्योगाचे शिक्षण घेतलेले कार्यकर्ते तिच्या मुळाशी होते, आणि परतलेले निर्वासित व सेवामुक्त सैनिक यांना छोटे धंदे उभारून देणे हा तिचा हेतू होता. व्यवसायाचे शिक्षण आणि लहान कर्ज ही दोन्ही कामे ती करीत असे. पुढे शिक्षणाचे काम मागे पडले आणि कर्जाचे वाढले. २००० मध्ये ती बँक झाली, २००३ मध्ये पूर्ण व्यापारी बँक झाली आणि २०२० मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले. एका संस्थेचा उत्कर्ष म्हणून हा इतिहास कौतुकास्पद आहे, आणि तिच्या आधाराने अनेकांची दुकाने उभी राहिली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागोमाग अनेक सूक्ष्मकर्ज-संस्था त्या क्षेत्रात उतरल्या आणि 'तरुणांना भांडवल देणे' ह्याचा अर्थ हळूहळू 'तरुणांना कर्ज देणे' असाच होऊन बसला.

हे दोन अर्थ एक नाहीत, हे दाखविण्यासाठी पालि अट्ठकथेचा आधार घ्यावा लागतो. आचार्य बुद्धघोष सुमंगलविलासिनीत कूटदन्तसुत्तातील 'पाभत' ह्या शब्दाची व्याख्या करताना सांगतात की पाभत म्हणजे मालाचे मूलधन. आणि ते द्यावयाचे ते साक्षीदार न ठेवता, पत्रावर न लिहिता, 'मूलच्छेज्ज' पद्धतीने. मूलच्छेज्ज म्हणजे मूळच तोडून टाकणे, अर्थात दिलेल्या मुद्दलाची वसुली नाही. ज्याला लेखी दस्त, साक्ष आणि परतफेड लागते ते इण, आणि ज्याला ह्यांतले काही लागत नाही ते पाभत, असा भेद ह्या व्याख्येतून स्पष्ट होतो. विशेष म्हणजे ह्याच ठिकाणी बुद्धघोष चुल्लसेट्ठि जातकाच्या शेवटी येणाऱ्या गाथेचा आधार देतात. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने मेलेला उंदीर हे पाभत होते. त्यावर कोणाचा दावा नव्हता, म्हणूनच तो तरुण निर्धास्तपणे व्यवहार करू शकला. त्या उंदरावर मासिक हप्ता असता तर गुळाच्या ढेपेपाशीच कथा संपली असती.

याउलट इणाविषयी भगवंत काय सांगतात हे अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात पाहावे. दारिद्र्य, त्यातून कर्ज, कर्जावर व्याज, व्याज थकल्यावर तगादा, तगाद्यानंतर मागे लागणे, आणि शेवटी बंधन, अशी सहा पायऱ्यांची शृंखला तेथे मांडलेली आहे, आणि संसारी मनुष्याला ती प्रत्येक पायरी दुःख आहे असे म्हटले आहे. थेरीगाथेत इसिदासी आपल्या एका पूर्वजन्माची हकीकत सांगते. त्या जन्मी ती सावकारांनी गांजलेल्या दरिद्री गाडीवानाची मुलगी होती, आणि वाढत गेलेल्या व्याजापोटी सार्थवाहाने तिला आक्रोश करीत असता घरातून ओढून नेले.

कंबोडियातील चित्र ह्या शृंखलेशी किती जुळते ते पाहावे. नष्ट झालेल्या भूमिअभिलेखांची पुनर्रचना करून लोकांना जमिनीचे पक्के कागद देण्याचे काम २००० नंतर मोठ्या प्रमाणावर झाले. काम स्तुत्य होते. पण कागद हाती येताच तो गहाण ठेवण्याजोगाही झाला. सुमारे दीड कोटी लोकसंख्येच्या त्या देशात २०१९ पर्यंत वीस लाखांहून अधिक सूक्ष्मकर्जदार होते, आणि सरासरी कर्जाची रक्कम तीन हजार डॉलरांच्या वर गेली होती. हे 'सूक्ष्म' कसले, असे कोणी विचारल्यास उत्तर कठीण आहे. २०१७ मध्ये सरकारने वार्षिक व्याजावर अठरा टक्क्यांची मर्यादा घातली. त्यानंतर शुल्काच्या रूपाने बोजा वाढल्याच्या तक्रारी आल्या. 'लिकाडो' ह्या मानवाधिकार संस्थेने आपल्या सहकारी संस्थेसह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कर्जफेडीसाठी नाइलाजाने जमीन विकणारी, मुलांना शाळेतून काढून कामाला लावणारी, कामासाठी देशांतर करणारी कुटुंबे आढळतात. ज्या तरुणाला शिवणयंत्र वा दुचाकी-दुरुस्तीचे दुकान हवे होते त्याचा धंदा बसला तर केवळ दुकान जात नाही, बापाची भातशेतीही जाते. अशा स्थितीत धोका पत्करून काही नवे करण्याची त्याची उमेद कितीशी उरणार?

सैनिकांचा प्रश्न याहून वेगळा आणि नाजूक होता. २००१ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे पंधरा हजार सैनिक सेवामुक्त करण्यात आले. त्यांना थोडी रोख रक्कम व नंतर मोटारसायकल, शिवणयंत्र, पाण्याचा पंप यांसारखी उपजीविकेची साधने द्यावयाची होती. खरेदीतील गैरप्रकारावरून २००३ मध्ये वाद उद्भवला आणि पुढील टप्पा बारगळला. परंतु खरेदी चोख झाली असती तरी एक मूलभूत अडचण होतीच, आणि चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताने ती फार पूर्वी दाखवून दिली आहे. निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी वाढली, हा त्या सुत्ताचा भाग सर्वश्रुत आहे. त्यापुढचा प्रसंग तितकासा सांगितला जात नाही. पहिला चोर पकडला गेल्यावर राजा त्याला शिक्षा करीत नाही; आईबापांना पोस, धंदा कर, असे सांगून धन देतो. दुसऱ्यालाही देतो. मग लोकांत बोलबाला होतो की चोरी करणाऱ्यास राजा धन देतो! चोऱ्या वाढतात, आणि मग राजा शस्त्र उचलतो. राजाचे औदार्य खोटे नव्हते, पण ते उशिरा आले आणि केवळ चोरापुरते आले. बंदूक खाली ठेवणाऱ्यास साधने द्यावीत हे योग्यच. पण ज्याने बंदूक कधी उचललीच नाही त्या शेजारच्या तरुणाला काही मिळत नसेल, तर त्याने त्यातून कोणता बोध घ्यावा?

राहिले भत्तवेतन. सर्वच तरुण उद्योजक होत नाहीत, आणि व्हावेत असा आग्रह धरणेही चुकीचे आहे. पुरोहिताने सेवेतील माणसाच्या पगाराचा वेगळा विचार केला तो याचसाठी. कंबोडियातील खेड्यांमधून शहरांकडे गेलेल्या तरुण स्त्रियांना खरा रोजगार दिला तो तयार कपड्यांच्या कारखान्यांनी. तेथे १९९७ मध्ये किमान वेतन महिना चाळीस डॉलर होते, २०२४ मध्ये ते दोनशे चार डॉलर झाले. ही वाढ आपोआप झालेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये वेतनवाढीसाठी रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर नोम पेन्हमध्ये गोळीबार झाला आणि त्यात किमान चौघे मारले गेले.

ह्या सर्वांत भिक्षुसंघ कोठे होता, असा प्रश्न आमच्या वाचकांना पडेल. बिहारमधील नालंदा येथे अध्ययन केलेले महाथेर महाघोषानंद १९७९ च्या आगेमागे निर्वासितांच्या छावण्यांत गेले आणि झोपड्यांचे विहार उभारले. १९९२ पासून त्यांनी युद्धग्रस्त प्रदेशांतून धम्मयात्रा काढल्या. २००७ मध्ये त्यांचे निर्वाण झाले. त्यांचे कार्य प्रामुख्याने चित्ताच्या शांतीचे होते. उपजीविकेच्या प्रश्नाला थेट हात घातला तो सीमेवरील छावणीत १९९० मध्ये हेंग मोनिचेंदा व त्यांच्या सहकारी भिक्षूंनी स्थापन केलेल्या 'विकासासाठी बौद्ध धम्म' ह्या अर्थाच्या नावाच्या संस्थेने. पुढे बात्तांबांग प्रांतात तिने विहारांच्या आधाराने काम केले. तांदळाच्या पेढ्या हा अशा कामांतील लक्षणीय प्रकार. टंचाईच्या महिन्यांत गावकऱ्याने पेढीतून धान्य न्यावे, सुगीनंतर थोड्या वाढीसह परत आणून टाकावे. ती वाढ सावकाराच्या खिशात न जाता गावाच्याच कोठारात राहते. हे तंतोतंत पाभत नव्हे, कारण परतफेड आहे. पण येथे जमीन गहाण पडत नाही, आणि हिशेब विहाराच्या अंगणात, सर्वांसमक्ष होतो. दीघजाणूला सांगितलेल्या चार धर्मांत 'कल्याणमित्तता' व 'समजीविता', म्हणजे चांगल्यांची संगत व आयव्ययाचा मेळ, यांना स्थान का आहे ते अशा ठिकाणी कळते.

आपल्या देशाच्या इतिहासातही ह्या विषयाचे एक पान आहे आणि ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी निगडित आहे. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी उच्च वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षणाच्या सवलती मागितल्या, आणि त्याचबरोबर सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत उमेदवारीची सोयही मागितली. वर उल्लेखिलेल्या शंकेचे उत्तर ह्या निवेदनात आहे. पदवी आणि हत्यार यांत त्यांनी निवड केली नाही, दोन्हीं मागितली. आणि हत्यार मागितले तेही बापजाद्यांच्या व्यवसायाचे नव्हे, नव्या यंत्राचे. दुसरे महायुद्ध संपत असताना, जुलै १९४५ मध्ये, त्यांच्याच खात्याखाली पुनर्वसन व सेवायोजनाचे महासंचालनालय स्थापन झाले. युद्धावरून परतणारे सैनिक व युद्धकार्यातून मोकळे झालेले कामगार यांना काम व शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची व्यवस्था त्यातूनच उभी राहिली, आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आजच्या आयटीआय आल्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. ज्या समाजाने हे पाहिले होते त्याला सैनिकाच्या घरवापसीचा अर्थ शिकविण्याची गरज नव्हती.

कंबोडियात नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने गरीब कुटुंबांतील पंधरा लाख तरुणांना व्यवसायशिक्षण देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात शिक्षण विनामूल्य आहे, आणि शिकत असताना महिना दोन लाख ऐंशी हजार रिएल, म्हणजे सुमारे सत्तर डॉलर, निर्वाहभत्ता आहे. शिकणाऱ्याला आधी जेवू घालावे, हा पुरोहिताचाच विचार त्यात दिसतो. परंतु प्रशिक्षण संपल्यावर पहिले हत्यार, पहिला कच्चा माल, दुकानाचे पहिले भाडे कोठून यावे, ह्याचे उत्तर आजही बहुतांशी कर्जसंस्थेच्या दारातच मिळते. त्यातच जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवर लढाई पेटली. तिकडे मजुरीस गेलेले लाखो कंबोडियन काही आठवड्यांत परत आले. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरचे हप्ते तिकडच्या मजुरीवरच चालत होते. हप्त्याची तारीख मात्र सीमा बंद झाल्याने पुढे जात नाही, आणि गहाणाचा कागद कर्जसंस्थेच्या तिजोरीतच आहे.